बेल्ट अजून चालेल

भिंगरावांना हे नाव गोदामातल्या हमालांनी ठेवलं होतं. ते फक्त त्यांच्या पाठीमागे घेतलं जायचं, पण पाठीमागे काय चाललंय हे हुडकून काढणं हाच त्यांचा पेशा असल्यामुळे त्यांना ते पहिल्याच महिन्यात कळलं. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. खरं तर जरा सुखावलेच. एका भल्यामोठ्या गोदामात ते मालाचे तपासनीस होते. रंगाचे डबे, टायर, नळाच्या तोट्या, वायरची भेंडोळी, जेवढं म्हणून आत येई तेवढंच बाहेर जातंय की मधेच कुणाच्या घरी जातंय, हे बघायचं.

त्यांची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. दुसरा एखादा तपासनीस तूट दिसली की गोदाम डोक्यावर घ्यायचा. मग चोर सावध व्हायचा आणि हाती काय लागायचं, तर नुसती बोंब. भिंगराव ताकास तूर लागू देत नसत. ज्या रॅकवर तूट दिसली तिथे उभं राहून ते मोठ्याने म्हणायचे, "इथलं सगळं ठीक आहे." मग त्या रॅककडे ढुंकूनही बघायचे नाहीत. चोर निर्धास्त होऊन पुन्हा यायचा आणि डब्यावर हात पडला की यांचा हात त्याच्या मनगटावर. मधल्या काळात आणखी चार डबे गेले तर गेले. "तेवढं सोसावं लागतं," असं ते नव्याने लागलेल्या माणसांना सांगत. डबे मालकाचे असल्यामुळे सोसायला त्यांना जड जात नसे.

हे सगळं गोदामाच्या फाटकातच ठेवून माणूस घरी आला असता तर या गोष्टीत सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण भिंगराव घरीही तपासनीसच असायचे. बायको घरातच कपड्यांची दुरुस्ती करायची. कुणाची चेन बदल, कुणाची कंबर सैल कर, कुणाच्या पँटला खालून दुमड घाल. दिवसभर गिऱ्हाइकांचा राबता. भिंगराव कंपनीच्या बसमधून उतरून घरात पाऊल टाकायचे ते प्रश्न घेऊनच. दारात सिगारेटचं थोटूक कुणाचं? दोन कप का विसळलेत? फोन इतका वेळ का लागत नव्हता? सुरुवातीच्या वर्षांत ती भांडायची. मग ती उत्तरं देऊ लागली. अलीकडे तर त्यांनी तोंड उघडायच्या आत सांगून मोकळी व्हायची, "कप शेजारणीचा, थोटूक रंगाऱ्याचं, आणि फोन माझ्या बहिणीचा. अजून काही?"

त्या दोघांची एक छोटी, जुनी, राखाडी गाडी होती. चालवायची तीच. तयार कपडे पोचवायला, बाजाराला, बँकेत. भिंगरावांना चालवता येई, पण रस्त्यावरच्या बाकीच्या सगळ्यांवर त्यांचा संशय असल्यामुळे त्यांना घाम फुटायचा.

तर एका शनिवारी भिंगराव गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेले. तेल बदलायचं होतं आणि मिस्त्री जुन्या तेलातच नवं ओततो की काय ते बघायला स्वतः हजर राहायचं होतं. मिस्त्री उंच, पाठीत वाकलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने तेल बदललं, मग इंजिनाच्या एका बाजूचं काळं कव्हर सोडवलं आणि आत टॉर्च धरला.

"साहेब, जरा इकडे या."

भिंगराव वाकले. आत दात्यांचा एक रबरी पट्टा दोन चाकांवर ताणून बसला होता. त्याच्या कडेचे दोरे सुटले होते आणि दात्यांच्या मुळाशी बारीक चिरा गेल्या होत्या.

"टायमिंग बेल्ट," मिस्त्री म्हणाला. "बदलायला झालाय."

"अजून किती चालेल?"

"ते कुणी सांगू शकत नाही. आज तुटेल, सहा महिन्यांनी तुटेल. तुटण्याआधी आवाज नाही, दिवा नाही, काही नाही. तुटला की गाडी चालता चालता खलास. आत वाल्व पिस्टनवर आपटतात, इंजिनाचं वाटोळं होतं, ते वेगळंच. गावात तुटला तर लोक ढकलून बाजूला घेतील. हायवेवर तुटला तर..." मिस्त्रीने फडक्याला हात पुसले.

"हायवेवर कोण जातंय?" भिंगराव हसले. "बाजार, बँक आणि हिची गिऱ्हाइकं. यापलीकडे या गाडीने जग बघितलेलं नाही."

"मग एवढे किलोमीटर कुठून आले?"

भिंगराव उठून मीटरसमोर जाऊन बसले. एकदा वाचलेला आकडा विसरणं त्यांना जमतच नसे आणि मागच्या सर्व्हिसचा आकडा त्यांना चांगला आठवत होता. तेव्हापासून गाडी चालायला हवी होती त्याच्या तिपटीने चालली होती. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पहिला संशय अर्थातच मिस्त्रीवर गेला. मीटर पुढे सरकवायचा, बेल्ट संपला म्हणायचं आणि मोठं काम काढायचं. असले चोर त्यांनी पैशाला पासरी बघितले होते. चिरा काय, ब्लेडनेही पाडता येतात.

"बघू," ते म्हणाले. "कव्हर लावा परत."

"बघू नका साहेब, बदला. निदान वहिनींना सांगून ठेवा, जपून चालवा म्हणावं."

"तिला मी सांगेन. तुम्ही तिच्याजवळ काही बोलायचं नाही."

मिस्त्री तिला घाबरवून परस्पर काम काढून घेईल, एवढंच तेव्हा त्यांच्या मनात होतं. घरी पोचल्यावर बायकोने मशीनवरून मान वर न करता विचारलं, "काय म्हणाला मिस्त्री?"

"ठणठणीत आहे म्हणाला."

"बेल्टचं काही? मागे म्हणत होता, कधीतरी बदलावा लागेल."

"अजून चालेल म्हणाला," भिंगराव म्हणाले.

खरं-खोटं करायला त्यांनी आठवडाभर वाट बघितली. गाडी गॅरेजकडे फिरकली नाही, घरासमोरच उभी होती. रोज बसमधून उतरल्यावर ते चपलेतला खडा काढायचं निमित्त करून गाडीला टेकायचे आणि काचेतून मीटर वाचायचे. सोमवार, मंगळवार, बुधवार आकडा मुंगीच्या पावलांनी सरकला. गुरुवारी संध्याकाळी त्याने अशी उडी मारली की भिंगरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मिस्त्री सुटला. मीटर खरा होता आणि चिराही खऱ्या होत्या. पण मिस्त्री सुटल्यावर मागे उरलं कोण?

एखाद्या सरळ माणसाने घरात जाऊन विचारलं असतं, अगं, गुरुवारी कुठे जातेस? पण हा सरळ प्रश्न भिंगरावांना सुचला नाही. आयुष्यभर वाकडे प्रश्न विचारल्यावर सरळ प्रश्न जिभेवर यायचा कसा? त्यांनी आपली पद्धत काढली. विचारलं तर ती सावध होईल. बेल्ट बदलायला गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये राहील, मिस्त्री किलोमीटरचं बोलून जाईल आणि तरीही ती सावध होईल. तेव्हा बेल्ट तूर्त राहू दे. इथलं सगळं ठीक आहे.

मग त्यांनी पुरावे गोळा करायला सुरुवात केली. गाडीतला रेडिओ लावून बघितला तर भलत्याच स्टेशनवर खरखरत होता. ते स्टेशन गावात लागतच नसे, कुठेतरी लांबचं होतं. पायाखालच्या मॅटवर कुसळं अडकलेली. आणि गुरुवारी संध्याकाळी बायको चक्क गुणगुणत होती. त्यांनी सतरा प्रश्न विचारले, तरी एकदाही तिच्या कपाळाला आठी पडली नाही. हा तर सगळ्यात मोठा पुरावा.

कोण असेल, याचाही त्यांनी विचार केला. गिऱ्हाइकांत एक विधुर बँकवाला होता, गोरा, गुळगुळीत दाढीचा. त्याची पँट एका महिन्यात सैल व्हायची आणि पुढच्या महिन्यात घट्ट. माणूस आहे की फुगा? भिंगरावांनी त्याला एकदा दारात गाठून तब्येतीची चौकशी केली. त्याने साखर आणि औषधांबद्दल इतकं सविस्तर सांगितलं की भिंगरावांना तो पाठ केलेला जबाब वाटला.

बाहेरून असा हा सगळा तपास चालला होता, पण आतून भिंगराव पार घाबरले होते. मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. घरात आवाज असे तो मशीनचा आणि बायकोच्या बोलण्याचा. ती गेली तर हे घर म्हणजे कुलूप लावलेलं गोदाम, आणि त्यात आपण एकटे. त्यांचं तिच्यावर प्रेम होतं, हे त्यांना माहीत होतं. फक्त ते तिला कधी सांगितलं होतं ते आठवत नव्हतं, एरवी सगळे आकडे आठवत असूनही.

गोदामात वजनकाट्यावर बसणारा एकजण त्यांचा म्हातारा दोस्त होता. पुढच्या गुरुवारी भिंगरावांनी अर्धी रजा टाकली आणि त्याची गाडी मागितली.

"कशाला हवी?" काटेवाल्याने विचारलं.

"काम आहे."

"तुमचं काम म्हणजे कुणाची तरी शंभरी भरलेली," काटेवाला म्हणाला आणि किल्ली दिली. "ओरखडा पडला तर वजनात धरीन."

घराच्या पुढच्या वळणावर, एका बंद दुकानाच्या आडोशाला भिंगराव थांबले. बायको बाहेर आली, हातात कपड्यांची पिशवी नव्हती. दार ओढून बघितलं, कुलूप लावलं आणि गाडीत बसून निघाली. बाजार मागे पडला, बँक मागे पडली, बँकवाल्याची गल्लीही मागे पडली. भिंगराव चरकले. गाडी सरळ हायवेला लागली.

हायवेवर ती अशी चालवत होती की भिंगरावांना गाठताना नाकी नऊ आले. घरात सुई शोधताना चाचपडणारी ही बाई इथे ट्रकमागून ट्रक टाकत होती. प्रत्येक ट्रक तिच्या बाजूने सुसाटत गेला की भिंगरावांचा पाय आपोआप ब्रेकवर जात होता. मिस्त्रीने अर्धवट सोडलेलं वाक्य त्यांना आता पूर्ण ऐकू येत होतं. हॉर्न वाजवून तिला थांबवावं, असं मनात येऊन एकदा हात हॉर्नवर गेलाही. पण थांबवलं तर कळणार कसं? त्यांनी हात मागे घेतला.

बऱ्याच वेळाने ती एका कच्च्या फाट्याला वळली. पुढे तळं होतं, काठाला झाडं आणि गवत. दुसरं काही नाही, ना घर, ना टपरी. गाडी झाडाखाली थांबली. भिंगरावांनी आपली गाडी फाट्यावरच्या पडक्या भिंतीमागे घातली आणि मान लांब करून बसले.

कुणी आलं नाही. बायकोने काचा खाली केल्या, सीट मागे पाडली आणि चपला काढून दोन्ही पाय खिडकीतून बाहेर सोडले. या वयात! मग पिशवीतून एक सफरचंद काढून खाल्लं. तिचे ओठ हलत होते. फोन? नाही, दोन्ही हात डोक्याखाली होते. ती गात होती, आणि बहुतेक वाईट गात होती, कारण झाडावरचे दोन बगळे उठून गेले. थोड्या वेळाने तिने पाय आत घेतले, चपला घातल्या, गाडी वळवली आणि जशी आली तशी परत गेली.

आता यावर कुणीही शहाण्या माणसाने सुटकेचा श्वास टाकला असता, सरळ गॅरेज गाठलं असतं आणि मिस्त्रीला म्हटलं असतं, बाबा रे, आजच्या आज बदल तो बेल्ट. भिंगराव भिंतीमागे बसून राहिले. त्यांच्या डोक्यात एकच वाक्य आलं. आज तो आला नाही.

संध्याकाळी त्यांनी नेहमीच्या वेळी, बसमधून उतरल्यासारखं घरात पाऊल टाकलं.

"आज काय केलंस?"

"काय करणार? दिवसभर दुमडी घालत बसले," ती म्हणाली. "मान दुखली नुसती."

इतकं सफाईदार खोटं! भिंगरावांना ते कुठेतरी खोल लागलं. स्वतः आत्ताच बसमधून उतरल्याचं सोंग केलंय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. खोटं बोलते म्हणजे लपवण्यासारखं काही आहेच. अजून एक गुरुवार. मग बेल्ट बदलू.

त्या आठवड्यात त्यांचं मन दोनदा तरी पालटलं. एकदा ते गॅरेजच्या फाटकापर्यंत जाऊन आले. बुधवारी सकाळी चहा पिताना तर शब्द ओठांवर आले होते. ती समोर बसून सुईत दोरा ओवत होती, एक डोळा मिटून, जीभ दातांत धरून.

"अगं, उद्या गाडी..."

"उद्या गाडीचं काय?" तिने पटकन वर बघितलं.

तिचं ते पटकन बघणं भिंगरावांनी टिपलं. "काही नाही. हवा बघून घे चाकातली."

गुरुवारी पुन्हा काटेवाल्याची गाडी, पुन्हा तो आडोसा. ती निघाली, हे निघाले. हायवेवर पूल ओलांडला की एक लांब चढ होता. चढावर ती मधल्या पट्ट्यात होती. डावीकडे अवजड ट्रक रांगेने चढत होते, उजवीकडून मोटारी सुसाट जात होत्या. भिंगराव चार-पाच गाड्या मागे होते.

काही झालं, असं वाटलंच नाही. धूर नाही, आवाज नाही. फक्त पुढची राखाडी गाडी एकाएकी मागे मागे येऊ लागली. म्हणजे बाकीचे सगळे पुढे जात होते आणि ती जात नव्हती. तिच्या पाठीमागची मोटार करकचून बाजूला झाली. मागचे दिवे लुकलुकायला लागले. गाडी डावीकडे वळू बघत होती, पण तिथे ट्रक. बंद पडलेल्या गाडीचं स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, आणि ती दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून ते ओढत होती. हे भिंगरावांना मागच्या काचेतून तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. दोन ट्रकांमधल्या फटीतून गाडी कशीबशी कडेला घुसली आणि थांबली. पुढचा भाग मुरुमावर, मागचा अजून रस्त्यात. मागून येणाऱ्या ट्रकने हॉर्न दिला तो संपेचना. त्याचं धूड कचकचत तिरकं झालं आणि तिच्या मागच्या बंपरला जवळजवळ चाटून गेलं.

भिंगरावांनी गाडी कुठे सोडली ते त्यांना पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. ते धावत होते, इतकंच. चष्मा नाकावरून घसरला होता आणि ते तिच्या नावाने ओरडत होते. किती वर्षांत त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती.

ती दार उघडून बाहेर आली होती आणि कठड्याला धरून उभी होती. यांना बघताच तिचा चेहरा असा उजळला की भिंगरावांना ते सहन झालं नाही. तिने त्यांचा हात दोन्ही हातांत गच्च धरला.

"बरं झालं बाई, तुम्ही आलात," ती म्हणाली. "बरं झालं तुम्ही आलात."

येणाऱ्या-जाणाऱ्या दोघातिघांनी मिळून गाडी पुरती कडेला ढकलली. मिस्त्रीला फोन झाला. दोघं कठड्यापलीकडे गवतात बसली. तिने पाणी प्यायलं, तोंडावर मारलं, आणि मग हळूहळू तिला सुचायला लागलं.

"पण तुम्ही इथे कसे?"

"गोदामाचं काम होतं. इकडच्याच बाजूला."

तिने मान डोलावली. खरं मानलं तिने. आणि मग त्यांनी न विचारताच म्हणाली, "मी कुठे निघाले होते, विचारणार असाल ना?"

भिंगराव चष्मा नाकावर नीट बसवू लागले.

"कुठेच नाही. पुढे एक तळं आहे, तिथपर्यंत जाते आणि परत येते. गेलं वर्षभर जातेय. पेट्रोल माझ्या पैशांनी भरते, तुमच्या घरखर्चाला हात लावत नाही." ती गवताची काडी मोडत होती. "तिथे कुणी नसतं हो. कुणी विचारत नाही, कोण आलं होतं, का उशीर झाला, काय गुणगुणतेस. तेवढं बसलं की मग आठवडाभर मी तुम्हाला हसून उत्तरं देऊ शकते. सांगितलं असतं तर तुम्ही त्याचेही प्रश्न केले असते. नसते केले?"

"केले असते," भिंगराव म्हणाले.

"विश्वास बसतोय का?"

"बसतोय."

खरंच बसला होता. पण कशामुळे, ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं. मागच्या गुरुवारी भिंतीमागून सगळं तपासून झालं होतं. न तपासता विश्वास टाकायची एक संधी बायकोने त्यांच्या ओंजळीत आणून ठेवली होती आणि तिच्यात आता काही अर्थ उरला नव्हता. त्यांना तिथल्या तिथे रडावंसं वाटलं. त्यांचा उतरलेला चेहरा भीतीमुळे असेल समजून तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

मिस्त्री टोइंगची गाडी घेऊन आला. त्याने बॉनेट उघडलं, काळं कव्हर सोडवलं आणि तुटलेला पट्टा दोन बोटांत धरून बाहेर ओढला. त्याने तो उजेडात उलटसुलट करून बघितला. मग वळला आणि भिंगरावांकडे बघून म्हणाला, "साहेब, मी काय सांगितलं होतं? हेच सांगितलं होतं ना?"

"काय सांगितलं होतं?" बायकोने विचारलं.

"बेल्टचं, वहिनी. तीन आठवडे होत आले की. चिरा दाखवल्या यांना, टॉर्च धरून. म्हटलं, हायवेवर तुटला तर जिवावर बेतेल, बदला, नाहीतर वहिनींना तरी सांगा. हे म्हणाले, तिच्याजवळ बोलायचं नाही." मिस्त्रीलाच बोलता बोलता काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं. तो थांबला आणि साखळी लावायला निघून गेला.

तिने भिंगरावांकडे बघितलं. मग रस्त्याच्या कडेला वाकडीतिकडी सोडलेल्या, दार सताड उघडं असलेल्या काटेवाल्याच्या गाडीकडे बघितलं. ती बाई हुशार होती. एवढी वर्षं तपासनीसाच्या घरात काढल्यावर तिला बेरीज येत नसती तरच नवल.

"गोदामाचं काम नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"माझ्या मागे आलात."

"हो."

"बेल्ट तुटायला आलाय, हे माहीत असताना मला जाऊ दिलंत. मी कुठे जाते ते कळावं म्हणून."

भिंगरावांनी तोंड उघडलं. अशा वेळी चोर काय काय सांगतात ते त्यांनी शेकड्यांनी ऐकलं होतं. बायको आजारी होती, मी आजच बदलणार होतो, एवढ्यात काही होईल असं वाटलं नव्हतं. सगळी वाक्यं आयती तयार होती आणि त्यांतलं एकही त्यांना उचलवेना.

"हो," ते म्हणाले.

ती भांडली नाही, रडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढे पुष्कळदा वाटलं. ती उठली, साडीला चिकटलेलं गवत झटकलं आणि मिस्त्रीजवळ गेली. इंजिन उघडावं लागेल, वाल्व वाकले असणार, तो सांगत होता. "उघडा," ती म्हणाली. "माझा नंबर लिहून घ्या. यापुढे गाडीचं जे काही असेल ते मला सांगायचं. मलाच." आणि मिस्त्रीच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. भिंगराव काटेवाल्याची गाडी घेऊन टोइंगच्या गाडीमागून एकटे घरी आले.

गाडी दुरुस्त झाली. नवा बेल्ट पडला. गुरुवारी ती जाते, आता सांगून जाते. भिंगराव कुठे, का, किती वाजता, काही विचारत नाहीत. कप कुणाचा, थोटूक कुणाचं, तेही विचारायचं त्यांनी सोडलं आहे. त्यासाठी त्यांना काही जोर करावा लागला नाही, प्रश्न आपोआपच आटले. दोघं जेवतात, बोलतात, मुलीचा फोन आला की आलटून पालटून बोलतात. बाहेरून बघणाऱ्याला घर पहिल्यापेक्षा शांत वाटावं.

परवाची गोष्ट. ती मशीनवर बसली होती, हातात कुणाचा तरी कोट होता. भिंगरावांनी स्वयंपाकघरात दूध तापवलं, दोन पेल्यांत ओतलं आणि तिचा पेला तिच्या बाजूला आणून ठेवला.

"गॅस बंद केलात?" तिने विचारलं.

"केला."

तिने कोट खाली ठेवला, उठून स्वयंपाकघरात गेली आणि बघून आली.